पाळी जाताना बाईला कुणी काही सांगतच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पाळी बंद होण्याच्या वयावरचा लेख वाचला. माहिती चांगली होती, पण आमच्या भागातल्या बायांचं दुखणं त्यात कुठे दिसलं नाही, म्हणून लिहिते.

मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय 47. गेल्या मार्चमध्ये तिसरीच्या वर्गात हातच्याची बेरीज फळ्यावर लिहीत होते आणि छातीपासून टाळूपर्यंत एकदम वाफ चढली. पदराने गळा पुसेपर्यंत पाठीवरचं ब्लाऊज भिजलं. तेवढ्यात एका लेकराने विचारलं, "बाई, पाणी पिऊन येऊ?" मी अशी खेकसले की ते दारातच थिजलं. हातातला रिकामा ग्लास त्याने पाठीमागे लपवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता. मधल्या सुट्टीत शाळेच्या मागे जाऊन रडले. का, ते मलाच कळेना. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली असंल." आमच्या यांना वाटलं, शाळेचं टेन्शन. रात्री दोन-अडीचला जाग आली की कोंबडा आरवेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे.

शेवटी अंबाजोगाईला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड बिघडलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच चिडचिड आणि थकवा येतो. मग समजावलं. पाळी थांबायच्या आधीची काही वर्षं बीजकोशांचं, म्हणजे अंडाशयांचं, काम विस्कळीत होतं. त्यांच्यातून येणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) हळूहळू उतरत जाईल असं नसतं, एका महिन्यात उसळतं तर पुढच्या महिन्यात कोसळतं. मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा मनःस्थितीशी संबंध असतो आणि या चढउताराने तेही हलतं. वर रात्रीचा घाम झोप मोडतो. आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते, आणि सलग 12 महिने आली नाही की ती गेली असं धरतात. हे ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, मी वाईट बाई झालेली नाही. मी शिकलेली, पगार असलेली, तरी हे कळायला मला वर्ष लागलं.

माझ्या जावेला तर सात वर्षं लागली. ती आणि दीर ऊसतोडीला जातात. अंगावरून जास्त जायला लागलं, पण फडात एक दिवस बसलं की खाडा पडतो. तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात सांगितलं, गर्भाची पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल. चौतिसाव्या वर्षी पिशवी काढली. त्यानंतर ती बदलली. लेकरांवर हात उगारायची, भाकरी करता करता परातीपुढे रडत बसायची. गावात म्हणू लागले, हिला बाहेरचं झालंय. देवऋषी झाले, उतारे झाले. माझ्या वेळच्या अनुभवावरून मी तिची जुनी फाईल त्याच डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढलेले होते. जे माझ्या अंगात काही वर्षांत होतंय, ते तिच्या अंगात एका दिवसात झालं होतं, तेही ऐन तारुण्यात. अशा बाईची हाडंही लवकर ठिसूळ होतात, तिला वेळेवर औषधं लागतात. माझी जाऊ एवढंच म्हणाली, "मला वाटलं, मीच वंगाळ हाय."

2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या पाहणीत आमच्या बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. तेव्हा पेपर भरून बातम्या आल्या. त्यातल्या किती जणींचे बीजकोशही गेले, किती जणी आज चिडक्या, भांडकुदळ, येड्या म्हणून घरात बोलणी खातायत, हे विचारायला आमच्या गावात तरी कुणी आलं नाही. बीजकोश ठेवले तरी पिशवी काढलेल्या बाईला हे वय लवकर गाठू शकतं. पण पाळीच येत नसल्याने तिला ते कळायचं कसं?

आशाताई तिशीपुढच्या बाया-माणसांचा फॉर्म भरायला घरी येतात. बीपी, शुगर विचारतात, पाळी गेल्यावर रक्त जातं का हेही विचारतात. त्याच वेळी झोप लागते का, अंगातून वाफा निघतात का, पिशवी काढलीय का, एवढं विचारून उत्तर देणाऱ्या बाईला ग्रामीण रुग्णालयात पाठवायला काय हरकत आहे? आणि पिशवी काढणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने घरी सोडतानाच्या कागदावर मराठीत ठळक लिहावं: काय काढलं, काय ठेवलं, आणि पुढे अंगात व मनात काय होऊ शकतं. वाचता येत नसेल तर नवऱ्यासमोर वाचून दाखवावं. आरोग्य खात्याने एवढा आदेश काढावा, आणि आपल्या पेपरने तो निघेपर्यंत हा विषय सोडू नये, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका,
ता. केज, जि. बीड
(जावेसाठी नाव छापू नये.)