नारळाबरोबर पट्टीही हवी

संपादक महोदय,

नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर येतो आणि दर्याला गाऱ्हाणे घातले जाते. नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटायची नाही, ही कोळीवाड्यांची जुनी रीत. यांत्रिक बोटींवरची सरकारी बंदी मात्र १ जून ते ३१ जुलै एवढीच असते. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला. पावसाळ्यात जन्मलेली पिल्ले वाढत असतात ती बंदी संपल्यापासून पौर्णिमेपर्यंतच्या याच मधल्या दिवसांत. एक बोट १ ऑगस्टला निघाली की शेजारच्याला घरी बसवत नाही, डिझेलचे आणि खलाशांचे पैसे त्यालाही द्यायचे असतात. म्हणून थांबायचा निर्णय एकेकट्याने नव्हे, गावाने आणि मच्छीमार संस्थेने मिळून घ्यायला हवा.

खरा प्रश्न जाळ्याच्या आसाचा, म्हणजे त्याच्या भोकांचा आहे. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत न्यायच्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा, असा नियम आहे. त्यामागे साधे कारण आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो आणि पिल्लांना वाट उरत नाही. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. पण नियमाचे जाळे बाहेरून दाखवायचे आणि आत बारीक जाळ्याचे अस्तर लावायचे, असे सर्रास चालते. मग आस मोजून काय उपयोग? बंदरावरची तपासणी पिशवी उलटी करून व्हायला हवी. ‘लहान मासे परत सोडतो’ हे उत्तरही पटणारे नाही. दोन-तीन तास ओढलेल्या जाळ्यातली पिल्ले वर येईपर्यंत बहुतेक मेलेलीच असतात. ती वाचवायची तर पाण्यातच निसटू दिली पाहिजेत.

२०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ प्रजातींचे मासे पकडण्यासाठीचे किमान आकारमान ठरवले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून मान मिळाला. तरीही तळहातात मावणाऱ्या पापलेटांचे वाटे बाजारात दिसतात, आणि स्वस्त म्हणून हातोहात खपतात. जो मासा एकदाही अंडी घालण्याआधी कढईत गेला, त्याची पुढची पिढी कुठून यायची? गिऱ्हाइकाच्या पिशवीत शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी असली तरी पुरे. साडेतेरा सेंटिमीटरपेक्षा लहान पापलेट घेऊ नये आणि विकणाऱ्या मावशींना कारणही सांगावे. मागणी थांबली की व्यापारी असा माल उचलत नाही.

पूजेचेही तसेच. नारळावरचा चकचकीत कागद बहुधा प्लास्टिकचा असतो, तो कुजत नाही. मिरवणुकीत नारळ खुशाल मढवावा, पण पाण्यात सोडण्याआधी कागद, नायलॉनचा दोरा आणि प्लास्टिकची फुले काढून घ्यावीत. हार सुती दोऱ्यात ओवावा. फाटलेले नायलॉनचे जाळे तर समुद्रात कधीच टाकू नये. मालक विसरला तरी ते पाण्यात मासे आणि कासवे अडकवत राहते. ते किनाऱ्यावर आणून जमा करायला प्रत्येक बंदरात जागा ठरवून द्यावी.

राज्यघटनेच्या ५१ क कलमात नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. दर्याला देव मानणाऱ्याला ते वेगळे शिकवावे लागू नये. ज्याच्याकडे बरकत मागायची, त्याची पिल्ले ओरबाडायची, याला भक्ती म्हणता येत नाही.

मत्स्यव्यवसाय विभागाला एक विनंती आहे. किमान आकारमानाचे मराठी फलक, माशांच्या प्रत्यक्ष मापाच्या चित्रांसह, प्रत्येक मासळी बाजारात ओट्याच्या उंचीवर लावावेत, म्हणजे मासा फलकाला लावून बघता येईल. हे काम येत्या नारळी पौर्णिमेआधी व्हावे.

– सातपाटी किनाऱ्यावरील काही मच्छीमार, जि. पालघर