पाचव्या मजल्यावर ऑक्सिजनचं मशीन पोचवायला आलेल्या मुलास

बाळा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं जाहीर लिहितोय. गेल्या डिसेंबरात आमच्या सोसायटीतल्या आजींसाठी तू कॉन्सन्ट्रेटर घेऊन आला होतास आणि लिफ्टपाशी आमच्या हिने तुला गाठलं. ‘सीपॅपमधलं काही कळतं का हो तुम्हाला?’ सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं माझं मशीन. ते तुमच्या दुकानातलं नव्हतं, तुला त्यात एक रुपया मिळणार नव्हता. ‘नाही’ म्हणून सटकला असतास तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

ज्यांनी ते विकलं त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, बीपी वाढतं. भरदुपारी मला खुर्चीत ताठ बसवून मास्क चढवला, पाच मिनिटांत ‘डेमो’ उरकला आणि 45 हजारांचं बिल हातात ठेवलं. पुढे नाक कोरडं पडून सकाळी रुमालाला रक्त लागायला लागलं, तेव्हा फोनवर सांगितलं, ह्युमिडिफायर (हवा गरम आणि दमट करणारी मशीनची पाण्याची टाकी) फुल करा. केला, तर नाशिकच्या थंडीत मध्यरात्री नाकात गार पाणी. मग म्हणाले, बंदच ठेवा. बंद केला की पुन्हा रक्त. शेवटी ‘काका, सवय होईल’ हे ब्रह्मवाक्य. पाणी कुठलं घालायचं विचारलं, तर म्हणे इन्व्हर्टरचं चालतं! मशीन माळ्यावर टाकायच्या बेतात होतो मी.

तू आलास, चपला दारात काढल्यास, आणि मशीनकडे जायच्या आधी हिच्याकडे वळलास. ‘काकू, रात्री आवाज कसा येतो? काकांना झोपेत काय कळणार.’

अरे, तोवर हिला कुणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टर माझ्याशी बोलायचे, दुकानदार माझ्याशी बोलायचा, ही शेजारी फाइल धरून बसलेली. माझ्या घोरण्यापायी वर्षानुवर्षं जागी राहिलेली बाई ही, माझा श्वास अडकला की मला हलवणारी. तू विचारलंस आणि तिने घशातून हुक्क्यासारखी गुडगुड करून दाखवली. आपण तिघंही हसलो. मग ती जी बोलत सुटली! गुडगुड पहाटेकडे वाढते, खिडकी किलकिली असली की जास्त, हे एका कुशीला वळले की आधी. खिशात तुझा फोन वाजत होता. तू तो काढूनसुद्धा बघितला नाहीस. माझ्यासमोर हिचं म्हणणं इतकं शांतपणे ऐकून घेणारा माणूस मी बऱ्याच दिवसांनी पाहिला, आणि न ऐकणाऱ्यांत मीही आलो.

नंतरचं काम तसं किरकोळ. नळी काढून उलटी धरलीस, तळहातावर ओंजळभर पाणी सांडलं. गरम दमट हवा थंड नळीत गार पडते, तिचं पाणी होतं. मशीन डोक्यावरच्या फळीवर, मग ते पाणी उतरून मास्ककडेच येणार. इतकं साधं! आमचा गणपतीचा चौरंग पलंगाशेजारी आला, मशीन त्यावर, उशीच्या पातळीपेक्षा खाली. ह्युमिडिफायरचं सेटिंग मध्यावर. नळीला काहीतरी गुंडाळा म्हणालास. हिने माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून जोडल्या, कमी पडलं तिथे मफलर शिवला. आता ती नळी कानटोपी घातल्यासारखी दिसते. पाणी डिस्टिल्डच आणि रोज ताजं. लाइट गेली तर ह्युमिडिफायर बंद, कारण त्याचा हीटर इन्व्हर्टरची बॅटरी खातो. हेही तूच जाता जाता दारातून सांगितलंस.

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली हा उपचार जगापुढे मांडला, असं मुलीने वाचून दाखवलं. त्यांना नमस्कार आहेच. पण ते औषध माझ्या नाकापर्यंत नीट पोचवलं ते टेम्पोतून सामान वाहणाऱ्या पोरानं. पदव्या लावलेल्या केबिनमधून जे मिळालं नाही ते लिफ्टपाशी मिळालं. अशी माणसं असतात रे अजून. त्यांच्या पाट्या कुठे लागलेल्या नसतात, एवढंच.

रुमाल आता स्वच्छ असतो. आणि मुख्य म्हणजे ही झोपते. परवा तर मी उठून चहा केला तरी हिचा पत्ता नव्हता.

पैसे देऊ केले तर हात जोडलेस. चहाही घेतला नाहीस, सिन्नरची डिलिव्हरी राहिली होती म्हणे. तो चहा बाकी आहे. ही म्हणते, नुसता चहा नाही, जेवायलाच बोलवा. तर कॉलेज रोडकडे आलास की बेल वाजव, वेळ कुठलीही असो.

तुझे,
तिसऱ्या मजल्यावरचे काका