काकाजी, कूलर बंद करायला लावलात त्याबद्दल

आदरणीय काकाजी, नमस्कार.

परवा विमानाच्या रंगकामाबद्दल तुमच्या हातात लिफाफा ठेवला, तर तुम्ही तो न उघडताच माझ्या खिशात कोंबला. म्हणून आता हे चारचौघांत लिहितो. हे काही परत करता येणार नाही. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेलच.

मी पहिल्यांदा नागपूरच्या वाडीला तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या हातात ॲल्युमिनियमचा एक पत्रा होता. रंग मारलेला, पण हात फिरवला तर काचपेपरसारखा खरखरीत. "बाप्पा, हे का करून ठेवलं?" म्हणालात. विमानाच्या आतला पत्रा आहे, विमान घरीच बनवून राहिलो, असं मी सांगितलं. हे ऐकून आजवर बहुतेक लोक हसलेत, काही काळजीने माझ्या बायकोकडे बघतात. तुम्ही पत्रा उन्हात तिरपा धरला आणि विचारलं, "थिनर कोणतं टाकलं?"

ते उडेल का, हे तुम्ही पुष्कळ नंतर विचारलंत. मी कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण दिलं. त्यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणीही झाली. त्यावर तुमचा प्रश्न, "मंग गच्चीवरून खाली कसं उतरवलं?" जन्म ट्रकच्या बॉड्या रंगवण्यात गेलेल्या माणसालाच हे सुचावं.

त्या पहिल्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझ्या शेडवर आलात. नवतपा सुरू होता, पारा ४५ च्या आसपास. धूळ नको म्हणून मी दारं बंद केली होती आणि जीव जाऊ नये म्हणून कूलर लावला होता. दारातूनच तुम्ही ओरडलात, "कूलर बंद कर पहिले!" मग तिथेच उभं राहून माझ्या दोन चुका समजावल्यात. थिनर झटपट उडणारं होतं, त्यामुळे असल्या उन्हात रंगाचा थेंब स्प्रे गनमधून निघून पत्र्याला पोचेपर्यंत वाळत होता आणि पत्र्यावर नुसती भुकटी बसत होती. दुसरी चूक कूलरची. त्याची हवा ओली. या दोन डब्यांच्या रंगातल्या हार्डनरचं पाण्याशी वैर. ओलावा मिळाला की तो रंग पक्का करायचं सोडून पाण्याशीच भिडतो. कुठे बारीक फुगे येतात, कुठे झिलई मरते. नागपूरकराला मे महिन्यात कूलर बंद कर म्हणणारा माणूस एरवी शत्रूच. मी मात्र मुकाट्याने बटण दाबलं.

मग चार दिवस घासकाम. गन मागितली की तुमचं एकच, "काहून घाई करून राहिला?" नंतर पहाटे साडेचारला रंगाचं काम. हळू उडणारं थिनर, जमिनीवर धूळ बसण्यापुरता आदल्या रात्री मारलेला सडा. विमानाचं पोट अरुंद. मोकळ्या दारावर गन चालवणं वेगळं आणि तिथे वेगळं, कारण कोपऱ्यात मारलेली हवा उलटून तोंडावर येते आणि रंगही सोबत आणते. तुम्ही दाब कमी केलात. आधी कोपरे आणि पट्ट्यांच्या मागच्या खाचा, मग मोकळा पत्रा. पहिला हात धुक्यासारखा, तो जरा चिकट झाला की दुसरा ओला हात. एकदाच माझा हात रेंगाळला आणि ओघळ आला. तो उजव्या सीटच्या मागे अजून आहे, मुद्दाम ठेवलाय.

आपलं भांडण मात्र लांबीवरून, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीवरून झालं. रिव्हेटांच्या भोवतीचे बारीक खड्डे तुम्हाला बघवत नव्हते. ट्रकला लांबी भरून आरसा करायची तुमची सवय. मी नाही म्हटलं तर तुम्ही रागावलात. कारागिराला अर्धवट काम करायला सांगितल्यासारखंच ते. मग मी दाखवलं की विमानात प्रत्येक ग्रॅम कायमचा प्रवासी असतो, आणि तो शेपटीकडे बसला तर विमानाचा तोलच मागे सरकतो. तुम्ही ऐकून घेतलंत, बायकोचा स्वयंपाकघरातला काटा मागवलात आणि त्यानंतर प्रत्येक हाताआधी नि नंतर डबा तोलू लागलात. शेपटीच्या आत नुसतं अस्तर, म्हणजे प्रायमर मारू, हे शेवटी तुम्हीच सुचवलंत. तळाची पाणी निघायची भोकं रंगाने बुजू नयेत म्हणून त्यांत काडेपेटीच्या काड्या खोचायची युक्तीही तुमचीच. विमान वळवायच्या दोऱ्या ज्यांवरून फिरतात त्या कप्प्यांवर आणि अर्थिंगच्या जागांवर रंग बसू नये म्हणून चिकटपट्टी मात्र मी लावली, तेवढं श्रेय राहू द्या.

एक गोष्ट मी तुमच्यावर लादली. तुम्ही आयुष्यभर नाकाला गमछा बांधून रंग मारला. या हार्डनरच्या वाफा गमछ्याला जुमानत नाहीत, साध्या मास्कलाही नाही. त्यांच्यामुळे दमा एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही उसळतो. म्हणून शेडबाहेर ब्लोअर ठेवून नळीने ताजी हवा येणारा मुखवटा आणला. "चंद्रावर जाऊन राहिलो का?" म्हणालात. मागच्या आठवड्यात वाडीहून जाताना पाहिलं, तुमचा पोरगा तसलाच मुखवटा घालून ट्रकच्या केबिनमध्ये शिरत होता. मी गाडी थांबवली नाही, पण बरं वाटलं.

समोरच्या काचेखालचा काळा मॅट भाग अजून बाकी आहे. तो चमकला तर काचेत दिसतो, म्हणून तुमच्याशिवाय हात लावणार नाही. आता पावसात तुम्ही गन उचलणार नाही, हेही ठाऊक आहे. दसऱ्यानंतर या. काम सात वाजेस्तोवर उरकू आणि तर्री पोहे खाऊ, पैसे मीच देणार.

आणि तुमचा गमछा शेडमध्येच राहिलाय. धुऊन ठेवलाय, पण रंगाचे डाग गेले नाहीत.

तुमचा,
विमानवाला पोरगा