तीस वर्षांच्या गाड्यांनाही नियमांत जागा हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुन्या मोटारींविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा संस्थानिकांच्या गाड्यांपुरते किंवा मोठ्या संग्राहकांच्या ताफ्यांपुरते असते. त्यामुळे जुनी गाडी जपणे हा श्रीमंतांचाच छंद आहे, असा समज पक्का होत जातो. प्रत्यक्षात घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली किंवा सोसायटीच्या आवारात नव्वदीच्या दशकातील गाड्या स्वतःच्या हातांनी उभ्या करणारी पगारदार आणि निवृत्त माणसेही आहेत. १९९४ साली नोंदणी झालेली टाटा इस्टेट ही स्टेशन वॅगन (मागच्या सीटपाठी, त्याच छताखाली सामानाची मोठी जागा असलेली मोटार) मी कोल्हापुरात घरीच दुरुस्त करत आहे. या कामात खर्चाचा, मेहनतीचा आणि सरकारी शुल्काचा जो हिशेब समोर आला, त्याच्या आधारे एक मागणी मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तेव्हाच्या टेल्को, म्हणजे आजच्या टाटा मोटर्स, कंपनीने १९९१ मध्ये सिएरा ही मोटार आणि १९९२ मध्ये इस्टेट बाजारात आणली. टाटामोबाइल या पिकअपच्या पायावर पुण्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी १९४८ सीसीच्या डिझेल इंजिनावर चालते. लांब छत, मागच्या बाजूच्या मोठ्या काचा आणि वर उघडणारा पूर्ण उंचीचा दरवाजा ही तिची ओळख. आपल्याकडे स्टेशन वॅगनला ग्राहक नेहमीच थोडे लाभले, त्यामुळे इस्टेटही फार खपली नाही आणि आज ती रस्त्यावर क्वचितच दिसते. परंतु परवाना घेऊन परदेशी गाड्या जशाच्या तशा बनवण्याच्या काळातून आपला उद्योग स्वतःच्या आरेखनाकडे कसा वळला, हे ज्या मोजक्या वाहनांतून समजते त्यांत तिची गणना करावी लागेल.

अशी गाडी कमी पैशांत दुरुस्त होऊ शकते, याचे मुख्य कारण टाटांचीच सुमो ही गाडी आहे. १९९४ मध्ये आलेल्या सुमोत सुरुवातीला हेच इंजिन होते, आणि सुमो गावोगावी पोहोचल्यामुळे या इंजिनाची नस ओळखणारे मिस्त्री अजून भेटतात. त्याचे बरेचसे सुटे भागही पुण्याच्या नाना पेठेत किंवा भंगार बाजारात शोधल्यास मिळतात. जे मिळत नाही ते करून घ्यावे लागते, आणि त्या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत. शिवाजी उद्यमनगरातील लेथवर पितळी बुश कातून मिळतो, झिजलेला ब्रेकचा ड्रम साफ करून मिळतो आणि तुटलेल्या बिजागरीचा नमुना दाखवला की दुसरी तयार होते. खरी अडचण बॉडीच्या भागांची आहे. मागची काच, बाजूच्या काचांची रबरे आणि मागचे दिवे फक्त याच गाडीचे असल्याने ते दुसऱ्या एखाद्या मोडीत निघालेल्या इस्टेटवरूनच मिळवावे लागतात.

पैसे मर्यादित असतील तर कामाचा क्रम चुकवून चालत नाही. पुष्कळ जण आधी रंगाला हात घालतात, कारण रंग डोळ्यांना दिसतो. परंतु आतला पत्रा कुजलेला असताना वरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला, तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो फुगून पुन्हा पापुद्रे सुटू लागतात आणि सगळा खर्च वाया जातो. स्टेशन वॅगनमध्ये गंज ठरावीक जागी धरतो: मागच्या दरवाजाची खालची कड, मागच्या चाकांवरच्या कमानी, काचांच्या रबराखालची खाच आणि सामान ठेवण्याच्या जागेखालची फरशी. त्या ठिकाणचा रंग खरवडून, टोकदार हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय गंज किती खोल आहे ते कळत नाही. जिथे पत्रा आरपार गेला आहे तिथे तो चांगल्या धातूपर्यंत कापून २० गेज जाडीचा नवा पत्रा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेल्या) वेल्डिंगने जोडणे एवढाच उपाय आहे. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवावी. हे वेल्डिंग मी रोजंदारीवर आलेल्या कारागिराकडून करून घेतले. खरवडणे, घासणे, गंजरोधक प्रायमर लावणे आणि खालच्या बाजूने अंडरकोटिंग करणे ही वेळखाऊ कामे मात्र स्वतः केली. वर्कशॉपच्या बिलात मजुरीचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि घरी काम करणारा माणूस नेमका तोच वाचवतो.

मागच्या दरवाजाच्या रबराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण ही बाब जिवाशी संबंधित आहे. चालत्या स्टेशन वॅगनच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घोळत राहतो. दरवाजाचे रबर कडक झालेले किंवा फाटलेले असेल तर तो धूर आत ओढला जातो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसल्याने धोका लक्षातही येत नाही. म्हणून सीटची कव्हरे किंवा म्युझिक सिस्टीम घेण्याआधी या रबरावर आणि सायलेन्सरच्या सांध्यांवर खर्च केला पाहिजे. ब्रेकचेही तसेच आहे. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ब्रेक ऑइलने ओलावा शोषलेला असतो आणि सिलिंडरमधली रबरे निकामी झालेली असतात. ती सगळी बदलल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नये.

या पद्धतीने माझा दुरुस्तीचा खर्च एक लाखाच्या आत राहील असे दिसते. मात्र त्यानंतर सरकारी शुल्के येतात. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५,००० वरून १०,००० रुपये झाले, आणि हे नूतनीकरण केवळ पाच वर्षांसाठी असते. अर्ज करण्यास उशीर झाला असेल तर दरमहा ५०० रुपये अधिक. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, नवी सुरक्षा नंबरप्लेट आणि १५०० सीसीवरील मोटारीचा तृतीयपक्ष विमा, ज्याचा २०२२ मध्ये ठरलेला दर वर्षाला ७,८९७ रुपये आहे.

याची तुलना व्हिंटेज वाहनांच्या नियमांशी करून पाहावी. २०२१ च्या जुलैमधील अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. प्रथम नोंदणीस २०,००० रुपये लागतात, ती दहा वर्षे चालते आणि पुढील नोंदणीस केवळ ५,००० रुपये पडतात. अशा गाडीच्या तृतीयपक्ष विम्यावर ५० टक्के सवलतही आहे. ही तरतूद योग्यच आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु आज तीस वर्षांची असलेली गाडी आणखी वीस वर्षे टिकली तरच या सवलतीला पात्र ठरणार, आणि ती टिकवण्याची वीस वर्षे सर्वांत महागडी ठेवलेली आहेत. सिएरा, इस्टेट किंवा नव्वदीतील प्रीमियर ११८ एनई यांसारख्या गाड्या या मधल्या काळातच भंगारात जातील, आणि २०४४ मध्ये व्हिंटेज म्हणून नोंदवायला त्यांतले फारसे काही शिल्लक राहणार नाही.

जुनी डिझेल गाडी धूर ओकते, हा आक्षेप मला मान्य आहे आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल साफ करून, डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन (मापजुळणी) करून आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) सुधारून धूर पुष्कळ कमी करता येतो, तरीही आजच्या इंजिनाची बरोबरी होणार नाही. म्हणूनच रोजच्या वापरासाठी सवलत द्या असे मी म्हणत नाही. व्हिंटेज गाडीला जशी रोजच्या किंवा व्यावसायिक वापराची मनाई आहे आणि प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते, तशाच बंधनांसह तीस ते पन्नास वर्षांच्या, मूळ स्वरूपातील गाड्यांसाठी वेगळा वर्ग करावा, धुराची चाचणी दरवर्षी काटेकोरपणे घ्यावी, आणि त्या बदल्यात नोंदणी दहा वर्षांची व विमा सवलतीचा ठेवावा. त्याचबरोबर नोंदणीकृत भंगार केंद्रांनी काचा, दिवे, दरवाजे यांसारखे वापरण्याजोगे भाग वेगळे काढून ते पावतीसह विकण्याची सोय करावी, म्हणजे घरी काम करणाऱ्यांना चोरीच्या मालाची धास्ती न बाळगता ते घेता येतील. राज्याच्या परिवहन विभागाने केंद्राकडे तसा प्रस्ताव पाठवावा आणि आपल्या वृत्तपत्राने या विषयाचा पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर