क्लेम नाकारला, तर डॉक्टरांनीही लिहावे

महोदय,

डेंग्यूच्या माझ्या एका रुग्णाचा क्लेम विमा कंपनीने ‘दाखल करण्याची गरज नव्हती’ असा शेरा मारून फेटाळला. प्लेटलेट्स १८ हजारांवर आल्या होत्या! डिस्चार्ज कार्डावर मात्र मी घाईत ‘ताप, अशक्तपणा’ एवढेच खरडले होते. चूक माझीही होतीच. मग रोजचे रिपोर्ट, नाडी-रक्तदाबाच्या नोंदी जोडल्या आणि घरी ठेवणे का धोक्याचे होते हे पानभर लिहून दिले. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे ते गेल्यावर पैसे मंजूर झाले.

तिथे दाद लागली नाही किंवा महिनाभरात उत्तरच आले नाही, तर वर्षाच्या आत विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येते. आमच्या भागासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही (खरे तर चालतच नाही) आणि ५० लाखांपर्यंत भरपाई मिळू शकते. तक्रार रुग्णाने किंवा वारसाने करायची, पण तिचा कणा डॉक्टरांचे पत्रच असते. ‘मधुमेह, बरीच वर्षे’ असली मोघम नोंद तर पॉलिसी घेताना आजार लपवल्याचा पुरावा म्हणून कंपनीच्या हाती आयतीच पडते. नेमका कधीपासून, हे विचारून लिहायला दोन मिनिटे लागतात.

एक डॉक्टर, सातारा