दुसऱ्याने लिहिलेले वाचण्याचे काम

म्युनिक, जर्मनी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

दुसऱ्याने लिहिलेले नुसते वाचण्याचा पगार मिळतो का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते. सध्या माझ्यापुढे वीज मोजणाऱ्या एका चिपसाठी लिहिलेला लिनक्सचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला त्या चिपशी बोलायला लावणारा प्रोग्राम, आहे. तो कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या यंत्रणेच्या गाभ्यात, घेण्याजोगा आहे की नाही हे मला त्याची ओळन्‌ओळ वाचून सांगायचे आहे.

ही चिप आयएनए२३८ या चिपच्या जातीची आहे. विजेच्या वाटेत शंट नावाचा अगदी लहान रोध बसवतात आणि त्याच्या दोन टोकांमध्ये पडणारे व्होल्टेज चिप मोजते. शंट २ मिलिओहमचा असेल आणि त्यातून १० अँपिअर जात असतील, तर हे व्होल्टेज २० मिलिव्होल्ट भरते. आयएनए२३८ ते ५ मायक्रोव्होल्टच्या पायऱ्यांनी मोजते, म्हणजे एक पायरी अडीच मिलिअँपिअरची झाली. मात्र शंट किती ओहमचा आहे हे चिपला कळत नाही. ते बोर्ड बनवणारा सांगतो आणि हिशेब ड्रायव्हर करतो, त्यामुळे कोणी चुकून शून्य लिहिले तर शून्याने भागण्यापूर्वीच ड्रायव्हरने नकार द्यायला हवा. तेवढी तपासणी या लेखकाने केली आहे.

अडचण पुढे आहे. लिनक्समध्ये व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, प्रवाह मिलिअँपिअरमध्ये, पण शक्ती मायक्रोवॉटमध्ये द्यायची असा नेम आहे. आपल्याकडच्या ३ अश्वशक्तीच्या पंपाचा आकडा घ्या: २,२३८ वॉट, म्हणजे २२३ कोटी ८० लाख मायक्रोवॉट. ३२ बिटांच्या यंत्रावर चिन्हासहित, म्हणजे उणेही होऊ शकणाऱ्या, संख्येत २१४ कोटी ७४ लाखांच्या थोडे पुढेपर्यंतच मावते, त्यामुळे तेथे हाच आकडा उलटून उणे २,०५७ वॉट असा दिसेल. लेखकाने सगळी चाचणी ६४ बिटांच्या यंत्रावर केली आहे आणि तेथे हा दोष दिसणारच नाही. यंत्रावर चालून दाखवलेला ड्रायव्हरही वाचावा लागतो, तो यासाठीच.

याच जातीचा दुसरा दोष मर्यादेच्या हिशेबात आहे. अमुक प्रवाहाच्या वर गेल्यास इशारा दे, असे वापरणारा चिपला सांगू शकतो. त्याने अवाच्या सवा आकडा दिला, तर ड्रायव्हरने तक्रार न करता तो चिपच्या कमाल मर्यादेवर आणून ठेवायचा असतो. लेखकाने तसे केले आहे, पण आधी शंटने गुणून आणि मग मर्यादा लावून. गुणाकारातच संख्या उलटली की मर्यादा कशाला लावणार? या दोन ओळींची अदलाबदल करा, एवढेच मी लिहिले.

सर्वांत जास्त वेळ मात्र एका शून्याने खाल्ला. चिपकडून वाचन आले नाही, तर हा ड्रायव्हर प्रवाह शून्य असल्याचे सांगतो. टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेली असे समजू नये, आधी टेस्टर चालू तारेवर लावून पाहावा, हे तुम्ही मला शिकवले आहे, त्यामुळे ही ओळ मला पुढे जाऊ देईना. मोजता आले नाही, तर तसा त्रुटीचा संकेत वर गेला पाहिजे. बॅटरीवर देखरेख करणारा प्रोग्राम त्या शून्यावर विसंबला, तर भार चालू असतानाच तो बंद असल्याचे मानेल. लेखकाचे म्हणणे असे की, असे क्वचितच घडते. मला हे उत्तर पटले नाही, कारण क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठीच तर देखरेख ठेवायची असते.

ओळीच्या आरंभी जागा किती सोडावी, नावे कशी द्यावीत, यावरही येथे बरेच वाद होतात. नियम पाळावेत हे खरे, पण त्यावर दुपार घालवणाऱ्यांचे मला नवल वाटते. बॅटरी भरताना आणि उतरताना प्रवाहाचे चिन्ह बदलते, ते या ड्रायव्हरने बरोबर सांभाळले आहे, हेही मी लेखकाला आवर्जून कळवले. आता दुरुस्त प्रत येईल. ती ३२ बिटांच्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय 'तपासले' म्हणून माझे नाव मी खाली घालणार नाही.

एक काम तुमच्याकडे आहे. वावरातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरवर पाटी असेल. तिच्यावरचे पॅनलकडील कमाल व्होल्ट आणि अँपिअर कळवावेत. आयएनए२३८ ही ८५ व्होल्टपर्यंतच चालते, त्यामुळे त्याहून जास्त असतील तर ओलिताची वीज मोजण्यासाठी मला वेगळी जोडणी सुचवावी लागेल. पाटी वाचताना झाकण उघडू नका, ऊन असेपर्यंत पॅनलच्या तारा जिवंत असतात.

आईस नमस्कार सांगावा.

तुमची मुलगी