नॅनोकण दहा मिनिटांत होत नाहीत

संपादक महोदय,

‘मायक्रोवेव्हमध्ये दहा मिनिटांत नॅनोकण’ अशा मथळ्यांमुळे विज्ञान प्रदर्शनासाठी घरचा ओव्हन वापरण्याचा मोह होतो. दुर्मिळ मृदा (लँथॅनम, सिरियम, टर्बियम अशा धातूंच्या) फॉस्फेटांपुरते तरी हे अर्धसत्य आहे.

सीएफएल दिव्यातला हिरवा फॉस्फर (अतिनील प्रकाश शोषून हिरवा प्रकाश देणारा पदार्थ) घ्या, म्हणजे सिरियम आणि टर्बियम मिसळलेले लँथॅनम फॉस्फेट. लँथॅनम नायट्रेट १७३, सिरियम नायट्रेट १९५ आणि टर्बियम नायट्रेट ६८ मिलिग्रॅम (तिन्ही हेक्साहायड्रेट) ३० मिलिलिटर पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत ११५ मिलिग्रॅम अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेटचे द्रावण सोडायचे. पांढरा साका थंड पाण्यातच धरतो! मायक्रोवेव्ह त्याला फक्त नीट स्फटिकरूप देतो: बंद टेफ्लॉन भांड्यात १६० ते १८० अंश सेल्सिअस, १५-२० मिनिटे. साध्या ऑटोक्लेव्हला (बाहेरून तापवायच्या बंद दाबपात्राला) याच कामाला बारा-बारा तास लागतात, तेवढी बचत खरी.

पण १८० अंशांना आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ९ बार जास्त असतो; घरच्या कुकरची शिट्टी साधारण १ बारलाच होते. स्वयंपाकघरातल्या ओव्हनला ना दाबमापक, ना द्रावणाचे तापमान कळत. शिवाय बहुतेक ओव्हन ‘३० टक्के’ म्हणजे काही सेकंद पूर्ण शक्ती आणि मग बंद, असे चालतात. त्यात बंद भांडे ठेवणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

या अभिक्रियेत नायट्रिक आम्ल सुटते, त्यामुळे वरील घाण्याचा सामू (pH) आपोआप १ च्या आसपास येतो. आम्लात लांबट काड्या वाढतात. गोल, बारीक कण हवेत म्हणून सढळ हाताने अमोनिया ओतला, तर सिरियम हवेने ऑक्सिडाइझ होते, साका पिवळट पडतो आणि हिरवा प्रकाश मरतो. अमोनिया घालायचाच, तर आधी द्रावणातून नायट्रोजन सोडावा. उरलेले अमोनियम नायट्रेट सेंट्रिफ्यूजवर तीनदा पाण्याने, एकदा अल्कोहोलने धुऊन काढावे. ते तसेच ठेवून भट्टीत टाकू नये.

भट्टी तरी का? पाण्यातून निघालेल्या कणांत बहुधा पाणी अडकलेले असते आणि त्यातले हायड्रॉक्सिल गट टर्बियमची ऊर्जा शोषतात. ८०० अंशांच्या वर ते जाऊन मोनाझाइट रचना येते (केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सापडते तेच खनिज). मात्र तिथे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात. तेजही हवे आणि नॅनोही हवे, असे दोन्ही पदरात पडत नाही. भट्टीत हायड्रोजनमिश्रित नायट्रोजन हवा, नाहीतर सिरियम पुन्हा बिघडते.

आणखी एक. नोटा तपासायच्या ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली हे पूड जवळपास काळोखेच दिसते. त्यावरून प्रयोग फसला असे समजू नये. सिरियम अतिनील प्रकाश शोषून टर्बियमला ऊर्जा देते, पण शोषते ते २५० ते २९० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. त्यासाठी २५४ नॅनोमीटरचा दिवा लागतो, आणि त्याचा प्रकाश साध्या काचेतून आरपार जात नाही. पूड क्वार्ट्झच्या पट्टीवर उघडे ठेवावे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा.

— रसायनशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे